एक जिन्नस कमी

ओरिशिया डॅनिल्युकनं एकतीस वर्षं कॅनडातल्या, युक्रेनी वस्तीच्या झोरिवका गावचं पोस्ट ऑफिस सांभाळलं आणि एकतीस वर्षांत एकही पोस्टकार्ड वाचलं नाही. असं ती स्वतः सांगायची. गावातले लोक म्हणायचे, पोस्टमास्तरीण आणि पोस्टकार्ड न वाचणारी! मग आम्हीही लेंटच्या चाळीस उपासाच्या दिवसांत मटणाकडे बघत नाही म्हणा! पण ओरिशियाचं खरं होतं. कुणी खिडकीशीच पाकीट फोडलं तर ती पाठ फिरवून उभी राहायची, सरळ असलेले शिक्के पुन्हा सरळ करायची, आणि मागून हुंदका ऐकू आलाच तर मान न वळवता टिश्यूचा डबा मागे सरकवायची. दुसऱ्याचं आपल्याला ठाऊक नसलेलं बरं, हा तिचा धर्म. चर्चमधला नंतरचा.

पुढे पोस्ट ऑफिस उठून दुकानातल्या एका कोपऱ्यात गेलं आणि त्या इमारतीत वाचनालय आलं. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी एक ते पाच. ओरिशिया निवृत्त झाली होती, पण तिची जुनी खुर्ची तिथेच होती, म्हणून तीही तिथेच राहिली. पुस्तकं न्यायला फार कुणी येत नसे. लोक यायचे ते पासवर्ड विसरला म्हणून.

"ओरिशिया, हा कॉम्प्युटरचा डबा परत विचारतोय मी कोण," म्हणत वॅसिल यायचा. कर्लिंग या बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या मैदानाचा बर्फ राखणारा वॅसिल, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

"मग सांग की त्याला. का तुलाही अजून कळलं नाही?"

"मी घालतोय ते त्याला चालत नाही."

"काय घालतोयस? नको, सांगू नकोस. कुत्र्याचं नाव घातलंयस ना?"

"तुला कसं कळलं?"

"अरे, त्या कुत्र्याला तू दिवसातून वीस वेळा नावानं हाका मारतोस, त्या पार रेल्वेच्या रुळांपर्यंत ऐकू जातात. त्यापेक्षा पासवर्ड गोठ्याच्या दारावर रंगवून ठेव, तेवढाच घसा वाचेल."

मग ती शिकवायला बसायची. तिचं शिकवणं म्हणजे दम भरणंच. कुत्रा नको, बायको नको, जन्मतारीख नको. एकमेकांशी काही नातं नसलेले चार शब्द घ्या, लांबलचक होऊ देत. एका दाराची किल्ली दुसऱ्या दाराला लावू नका, नाहीतर चोराला एक सापडली की अख्खं घर मोकळं. बँकेतून बोलतोय म्हणून कुणी फोनवर विचारलं तर खुशाल शिव्या घाला, पाप माझ्या डोक्यावर. आणि तुम्ही टाइप करायला लागलात की मी पाठ फिरवणार. मी बघणार नाही आणि तुम्ही दाखवायचंही नाही.

"मग लक्षात कसं ठेवायचं?" सगळेच विचारायचे. "वहीत लिहिलं तर कुणी वाचेल."

त्यावर ओरिशियानं एक तोड काढली होती, आणि तिचा तिला फार अभिमान होता. झोरिवकात कुणी पाककृती मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही. सुरेख अक्षरात कार्ड लिहून द्यायचं, वर वाटीभर नमुनाही द्यायचा. फक्त एक जिन्नस लिहायचा नाही. आजीपासून चालत आलंय, यात कुणाला लबाडी वाटत नाही. तर ओरिशिया सांगायची, वहीत पासवर्ड तसाच लिहा. तीन शब्द कागदावर आणि चौथा डोक्यात. वही चोरीला गेली तरी चोराच्या हातात तुमची अळणी आमटी. बायका खदखदून हसायच्या आणि कसं करायचं ते त्यांना बरोबर कळायचं.

सगळ्यात मोठ्यानं हसली होती स्टेफा बोहोनिस. स्टेफा ही ओरिशियाची बालमैत्रीण. एका बाकावर शिकल्या, एका साली लग्नं झाली, दोन वर्षांच्या अंतरानं विधवा झाल्या. भांडण तर रोजचंच. दोन वर्षांपूर्वी ओरिशियानं तिच्या टॅबवर पासवर्डांची तिजोरी बसवून दिली. असा एक प्रोग्राम असतो. सगळे पासवर्ड त्यात ठेवायचे आणि आपण फक्त तिजोरीचा एकच लक्षात ठेवायचा. मात्र तो विसरला की संपलं. बनवणाऱ्या कंपनीलाही ती उघडता येत नाही, म्हणून तर ती तिजोरी.

"तो तेवढा पुरा कागदावर लिही, पाकिटात घाल, पाकीट चिकटव आणि विश्वासाच्या माणसाकडे ठेव," ओरिशिया तेव्हा म्हणाली होती.

"पाकीट कशाला? माझं डोकं काय भाड्यानं दिलंय?"

ओरिशियानं फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं, हे तिला नंतर कळलं. नंतरचं शहाणपण सगळ्यांनाच असतं म्हणा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात शहरातल्या डॉक्टरनं स्टेफाला डोक्याचे फोटो दाखवले आणि हळू आवाजात बरंच काही सांगितलं. स्टेफा घरी आली, कोट काढला आणि ओरिशियाला म्हणाली, "भाड्यानं दिलंय गं. भाडेकरू वाईट निघाला." मग दोघी स्वयंपाकघरात बसून रडल्या, आणि रडून झाल्यावर पत्ते खेळल्या. त्या दिवसापासून स्टेफा त्या तिजोरीत स्वतःसाठी लिहून ठेवायला लागली. गोळ्या कुठल्या कधी घ्यायच्या, कोण कुणाची सून, कुणाशी अबोला धरलाय आणि का. चारचौघांसमोर वही काढून बघायची तिला लाज वाटे. तिजोरी कशी, कुणाला दिसत नाही.

यंदाच्या मार्चमधल्या एका गुरुवारी स्टेफा वाचनालयात आली ती टॅब छातीशी धरून. बाहेर बर्फ अजून कुंपणाच्या वर होता आणि तिच्या पायात दोन वेगवेगळे बूट होते. ओरिशियानं ते पाहिले आणि पाहिले नाहीत.

"यानं पुन्हा पासवर्ड मागितला," स्टेफा म्हणाली. "महिन्याभरानं मागतो मेला. तीन शब्द वहीत आहेत. चौथा नाही."

"चौथा डोक्यात."

"डोक्यात काही नाहीये, ओरिशिया."

हे इतकं सरळ म्हणाली ती, की ओरिशियानं हातातलं काम बाजूला ठेवलं. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"घाई काय आहे? बसू, चहा घेऊ. येईल आठवून."

"परवा लरिसा येतेय." लरिसा म्हणजे स्टेफाची लेक, कॅल्गरीला असते. "ती विचारणार, आई, माझ्याकडे येतेस की इथेच राहतेस. जानेवारीतच विचारलं होतं. मी म्हटलं, मार्चमध्ये सांगते. आणि मी ठरवलं होतं गं! नीट विचार करून, चार दिवस लावून, डोकं ठिकाणावर असताना ठरवलं आणि आत लिहून ठेवलं. म्हटलं, पुढे डोकं असो नसो, हे माझं असेल." तिनं टॅबवर बोट आपटलं. "काय ठरवलं ते आठवत नाही. आता परवा लरिसा ठरवील, नाहीतर डॉक्टर. नाहीतर तू."

"मी कशाला ठरवू?"

"तू तर कधीचीच ठरवून बसली असशील. मी काय तुला ओळखत नाही?"

ओरिशियानं ठरवलंच होतं. स्टेफा तिच्याकडे राहायला येणार. शिवणाची खोली तिनं फेब्रुवारीतच रिकामी केली होती, पलंग टाकला होता, आणि कुणाला त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

"चौथा शब्द कसला होता, एवढं तरी आठवतं?" तिनं विचारलं. "शब्द सांगू नकोस. जात सांग."

"ते आठवतं. तूच म्हणाली होतीस ना, कार्डावर जे लिहीत नाही तसं ठेवा. मी तेच ठेवलं. माझ्या बोर्श्तमधलं. जगात कुणालाच माहीत नाही, यापेक्षा बरा शब्द कुठला?"

आता इथे एक सांगायला हवं. कार्डाच्या या रिवाजाला दुसरी बाजू आहे, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. प्रत्येक बाईला दुसरीचा राहिलेला जिन्नस ठाऊक असतो. चाळीस वर्षं एकमेकींच्या हातचं खाल्ल्यावर ठाऊक होणारच, जीभ काय गहाण टाकलीय? पण ओळखलं तरी बोलायचं नाही. बोललीस तर तू असभ्य. स्टेफाच्या बीटच्या सारात, म्हणजे बोर्श्तमध्ये, धुरी दिलेले आलुबुखार असतात, हे ओरिशिया सत्त्याऐंशी सालापासून जाणून होती.

एक शब्द. जिभेवर होता. ओरिशिया उठली आणि चहाची किटली आधीच भरलेली असताना पुन्हा भरायला गेली.

तिला सांगायचं नव्हतं, आणि त्याची कारणं दोन होती. एक कारण चांगलं होतं. स्टेफाचं एवढं एकच गुपित उरलंय, तेही आपण हिसकावून घ्यायचं? त्यापेक्षा तिचं तिला आठवू दे. दुसरं कारण चांगलं नव्हतं. आत काय लिहिलंय कुणास ठाऊक. न उघडलं तर शिवणाच्या खोलीतला पलंग आहेच. हे मनात आलं आणि ओरिशियाला स्वतःची अशी शरम वाटली, की तिचे कान तापले.

"उद्या शुक्रवार," ती किटलीशीच उभी राहून म्हणाली. "चर्चमध्ये बोर्श्त तूच करणार ना? कर. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत. हातांना आठवलं की ते डोक्याला सांगतील."

शुक्रवारी सकाळी चर्चच्या तळघरात सात बायका जमल्या. लेंटचे शुक्रवार म्हणजे बिनमांसाचं जेवण, गावभर विकायचं. सहाजणी पिरोही, म्हणजे उकडायच्या करंज्या, भरत बसल्या. बटाट्याचं सारण, हातावर चिमटलेल्या कडा, आणि तोंडं त्याहून वेगानं चाललेली. शेगडीपाशी स्टेफा. चाळीस लिटरचं पातेलं. तिनं बीट किसले, कोबी चिरला, एकेक भाजी पारखून घेतली. हात कसे चालत होते! ओरिशिया एका डोळ्यानं बघत होती आणि तिचा जीव हळूहळू जागेवर येत होता. स्टेफानं शेपू टाकला, मीठ टाकलं, मसाल्यांच्या फळीकडे गेली. तिथे उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग हात पुसले आणि रिकामीच परत आली.

"झालं," ती म्हणाली. "चव बघा गं."

सहाही चमचे पातेल्यात गेले. आधीची बडबड अशी तुटली, की नळ गळल्याचा आवाज ऐकू आला. सगळ्यांना कळलं होतं. त्यात काय असतं ते सगळ्यांनाच कायम माहीत होतं, आणि आज ते नव्हतं.

"छान झालंय," शेवटी एकजण म्हणाली.

"छानच गं, नेहमीसारखं," दुसरी म्हणाली, आणि उगाच पिरोहीच्या ताटावर पीठ भुरभुरवायला लागली.

स्टेफानं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. विसरत होती, पण मूर्ख नव्हती ती. तिनं एप्रन सोडला, कोट घातला आणि जिना चढून गेली.

ओरिशियानं हातातलं ताट टाकलं. गुडघे कुरकुरत होते, बाहेर वाटेवर बर्फ गोठून काच झालेला. पडले तर पडले म्हणत ती स्टेफाच्या घरी पोचली. स्टेफा स्वयंपाकघरात टेबलाशी कोटासकट बसली होती. समोर टॅब, वही, आणि वहीत तीन शब्द.

"काय कमी होतं?" स्टेफानं विचारलं.

"काही नाही गं, मीठ जरा..."

"ओरिशिया डॅनिल्युक, तू माझ्याशी आयुष्यात एकदाही खोटं बोलली नाहीस. बोलायला तुला येतही नाही. काय कमी होतं?"

ओरिशिया समोर बसली. तिनं हातमोजे काढले, घडी केले, टेबलावर ठेवले.

"आलुबुखार," ती म्हणाली. "धुरीचे. तू शेवटी घालतेस, कुणी बघत नाही असं बघून."

स्टेफानं टॅब बाजूला सारला.

"तुला कधीपासून माहीत?"

"सत्त्याऐंशी. तुझ्या लरिसाच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचं जेवण."

"सत्त्याऐंशी!" स्टेफा ताडकन उठली. "सटवे! सदतीस-अडतीस वर्षं मी दाराला कडी लावून आलुबुखार कापतेय! आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांनाही."

"सगळ्यांना? त्या मरुसियालासुद्धा? तिला तर साखर आणि मीठ कळत नाही!"

"तिलासुद्धा."

स्टेफा धपकन खाली बसली. आधी वाटलं रडतेय, मग वाटलं हसतेय, दोन्ही होतं. ओरिशियाचंही तेच झालं. "आणि तू गावाला शिकवतेस," डोळे पुसत स्टेफा म्हणाली, "कुणाला ठाऊक नसलेला शब्द ठेवा म्हणून!"

मग तिनं टॅब जवळ ओढला. ओरिशिया सवयीनं उठली, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मागे टकटक ऐकू आली. एकेक अक्षर, थांबून थांबून. मग काहीच नाही.

"उघडलं," स्टेफा म्हणाली.

"वाच. मनात वाच."

"मोठ्यानं वाचणार. माझं आहे, मी ठरवीन." तिनं घसा साफ केला. "'स्टेफा, हे तूच लिहिते आहेस आणि आज तुझं डोकं ठिकाणावर आहे. लरिसाकडे जायचं. एप्रिलमध्ये, रस्ते सुकले की.'"

ओरिशियानं खिडकीची चौकट धरली. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर बर्फ ओढत होता.

"'ओरिशिया म्हणेल, माझ्याकडे राहा. तिनं शिवणाची खोली रिकामी करायला घेतलीय. विचारलं तर म्हणेल, जुने कपडे द्यायचे होते. तिच्या गुडघ्यांत काही उरलेलं नाही, आणि मला धरून उठवावं लागेल असे दिवस येणार आहेत. ती कधी नाही म्हणणार नाही. म्हणून तू म्हण.'"

ओरिशियानं काचेवरची वाफ बाहीनं पुसली.

"खोली तर मी फेब्रुवारीत केली," ओरिशिया खिडकीलाच म्हणाली. "हे लिहिलंस जानेवारीत."

"जानेवारीत तू पडदे धुतलेस. त्या खोलीचे. त्या खोलीचे पडदे तू आयुष्यात धुतले नव्हतेस."

"मग बोलली का नाहीस?"

"असं बोलतात का?" स्टेफा म्हणाली. "आणि आता इकडे वळ. पुरे झालं ते पाठ दाखवणं."

ओरिशिया वळली. चेहरा पुसायला तिला काही सापडलं नाही, म्हणून तसाच घेऊन वळली. स्टेफानं वही तिच्यापुढे सरकवली.

"बघ. तीन शब्द हे. चौथा तुला ठाऊकच आहे, चोरटे. पाठ कर. मी तिकडे गेले की रोज फोन कर आणि मला आठवत नसेल तर सांग."

"मी कुणाचा बघत नाही, स्टेफा. तुला माहितेय."

"म्हणून तर तुला दाखवतेय."

ओरिशियानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि शब्द वाचले. एकदा वाचले, मग ओठ हलवत दुसऱ्यांदा. एकतीस वर्षं आणि वर ही वाचनालयाची नऊ. पहिल्यांदाच तिनं दुसऱ्याचं वाचलं होतं.

"जाऊ नकोस," मग ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण म्हणून गेली. "गुडघ्यांचं माझं मी बघीन."

"लिहिलंय ते वाचलं ना मी?"

"वाचलंस."

"मग माझं मला करू दे. अजून येतंय तोवर."

ओरिशियानं होकाराची मान हलवली. मग ती खुर्ची ओढून स्टेफाच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून, शाळेतल्या बाकावर बसायची तशी.

"माझा तू ठेव," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या तिजोरीचा. विश्वासाच्या माणसाकडे ठेवायचा असतो. मी अजून कुणाकडे दिला नाही."

"माझ्याकडे? अगं वेडे, मी विसरेन!"

"म्हणून तर. तुझ्याइतकी सुरक्षित जागा अख्ख्या सस्कॅचवानमध्ये मिळायची नाही."

स्टेफा इतकी हसली, की तिला ठसका लागला. ओरिशियानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, ठसका थांबेपर्यंत थांबली, आणि मग तिनं आपले चारही शब्द सांगितले. एकेक, सावकाश, मोठ्या आवाजात, एकही न गाळता. स्टेफानं डोळे मिटून ते ऐकले, तिच्यामागून म्हटले, आणि चारही बरोबर म्हटले.